किचन चिमणीतून ओट्यावर थेंब पडतात: गळती शोधायची कशी आणि थांबवायची कशी

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की फोन सुरू होतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "चिमणीतून पाणी गळतंय, जरा सिलिकॉन मारून द्या." किचन चिमण्या बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम आहे. ठाण्यापासून पुण्यापर्यंत कितीतरी स्वयंपाकघरांत हीच तक्रार मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. त्यातून एक गोष्ट खात्रीने सांगतो: थेंब जिथे पडतो तिथे भोक बहुधा नसतं. पाणी डक्टच्या (चिमणीतली हवा बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या) आतून किंवा पाठीवरून हात-दोन हात सरकत येतं, सगळ्यात खालची कड गाठतं आणि तिथून टपकतं. त्या कडेला सिलिकॉन फासलं की पाणी दुसरी वाट शोधतं, आणि ती वाट कधीकधी मोटरवरून किंवा दिव्याच्या वायरींवरून जाते. म्हणून आधी गळतंय काय ते ओळखायचं, मग ते कुठून येतंय ते शोधायचं. सिलिकॉनची नळी सगळ्यात शेवटी.

हात लावण्याआधी

चिमणीचा स्विच बंद करा आणि प्लग काढा. पुष्कळ घरांत प्लग वरच्या स्टीलच्या आवरणामागे दडलेला असतो, हात पोहोचत नाही. तसं असेल तर डीबीमधला (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतला) स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पाडा. ओल्या चिमणीचं बटण दाबून "चालते का बघू" असं कुणीही करू नये. गॅसही बंद ठेवा. चिमणी शेगडीच्या वरच असते, आणि ओशट पाइप उघडल्यावर खाली ज्योत नको.

लक्षणं

थेंब पिवळसर किंवा तपकिरी, बोटांवर घोळवला की ओशट लागतो, आणि तळणाच्या किंवा फोडणीच्या दिवशी जास्त पडतो: हे तेल आहे. पावसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पाऊस सुरू असतानाच नेमकं ते लक्षात आलं, एवढंच.

पाणी स्वच्छ, आणि फक्त पावसात येतं, त्यातही वारा सुटल्यावर: हे बाहेरून, डक्टच्या तोंडातून किंवा भिंतीच्या भोकातून आलेलं आहे.

पाणी चहाच्या रंगाचं आणि वासाचं: पाऊसच, पण डक्टमधल्या जुन्या तेलावरून धुऊन आलेला. म्हणजे कामं दोन आहेत.

इडल्या लावल्या, मोठ्या पातेल्यात काही उकळलं, की स्वच्छ थेंब. पाऊस असो वा नसो: ही डक्टमध्ये थंड झालेली वाफ.

चिमणी कोरडी, पण डक्ट भिंतीत शिरतो तिथे ओल, रंगाचे पोपडे, कधी बुरशीचा काळा पट्टा: पाणी पाइपातून नव्हे, पाइपाच्या भोवतीच्या फटीतून येतंय.

पाऊस उघडून तीन-चार दिवस झाले तरी थेंब चालूच, किंवा रोज सकाळी ठरावीक वेळी वाढतात: चिमणीला सोडा आणि वरच्या मजल्याकडे बघा. वरच्यांचं सिंक, मोरी किंवा न्हाणीघर गळत असेल तर पाणी स्लॅबमधून उतरतं आणि डक्टच्या पाठीवरून तुमच्या चिमणीत येतं.

खात्री होत नसेल तर साधी चाचणी आहे. टिश्यूवर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब घ्या आणि तो कागद पंख्याखाली ठेवा. पाण्याचा डाग वाळून जातो. तेलाचा डाग पारदर्शक होऊन तसाच राहतो. सोबत दोन-तीन दिवस फ्रिजवर एक चिठ्ठी लावून ठेवा: थेंब किती वाजता, पाऊस होता का, वारा कुठून होता, गॅसवर काय होतं. घरातल्या कुणीही लिहावं. ही चिठ्ठी हातात असली की माझं निम्मं काम झालेलं असतं, आणि तुमचे वायफळ खर्च वाचतात.

तुमची चिमणी डक्टशिवायची असेल, म्हणजे कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडणारी, तर पुढच्या निम्म्या तपासण्या तुम्हाला लागूच नाहीत. तिथे गळतं ते तेल किंवा वाफेचं पाणी. ते दोन्ही नसेल तर वरचा स्लॅब.

१. तेलाची वाटी आणि फिल्टर

हे फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतं, म्हणून पहिलं. वाटी पूर्ण भरली की तेल कडेवरून वाहतं, यात शोधण्यासारखं काही नाही. वाटी काढा, पुसा, परत लावा. पण वाटी रिकामी असूनही तेल समोरच्या कडेवरून टपकत असेल, तर बॅफल फिल्टर (वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांचा) काढून त्याच्या खालच्या कडेला तेल निथळायची बारीक भोकं शोधा. ती भोकं खाली, वाटीच्या पन्हाळीच्या बाजूला यायला हवीत. धुतल्यावर फिल्टर उलटा बसवला गेला की तेल आत साठतं आणि जिथे वाट मिळेल तिथून ओट्यावर येतं. "परवाच सर्व्हिसिंग केलं आणि आता गळायला लागलं" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

दुसरं, धुतलेला फिल्टर पूर्ण वाळू द्या. त्याच्या पन्हाळ्यांत पाणी अडकून राहतं आणि लावल्यावर तासन्‌तास ठिबकतं. फिल्टर उभा करून रात्रभर ठेवा. धुण्यासाठी गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो. कॉस्टिक सोडा वापरू नका: जाळीचा फिल्टर ॲल्युमिनियमचा असतो, कॉस्टिक ते खाऊन टाकतं, आणि तुमचे हात-डोळेही धोक्यात येतात.

ऑटोक्लीन चिमणीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ऑटोक्लीन म्हणजे आतला हीटर तापून पंख्यावरचं तेल पातळ करतो आणि ते वाटीत उतरतं. डक्ट त्याने साफ होत नाही. शिवाय महिनोन्‌महिने बटण न दाबता एकदम चालवलं तर साठलेलं सगळं तेल एकाच वेळी सुटतं आणि वाटी अपुरी पडते. पुस्तिकेत सांगितलंय तितक्या वेळा चालवा, गॅस बंद असताना चालवा, आणि नंतर लगेच वाटी बघा.

२. चिमणी समपातळीत आहे का

फिल्टर नीट बसवूनही तेल एकाच कोपऱ्यातून येत असेल तर चिमणीच्या खालच्या कडेवर पाणसळ ठेवा. पाणसळ नसेल तर मोबाइलमधली लेव्हलही चालते. वाटी ज्या बाजूला आहे तिकडे किंचित उतार चालतो, उलट दिशेला अजिबात नको. भिंतीतला एखादा फिशर (स्क्रू धरणारा प्लॅस्टिकचा खुंट) ढिला झाला की चिमणी पुढे झुकते आणि तेल स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्याशी येतं. स्क्रू आवळून काम झालं तर ठीक. फिशरच भिंतीतून सुटून येत असेल तर चिमणी दोघांनी धरूनच उतरवावी लागते. तिथे एकट्याने खटपट नको.

३. वाफ

गरम वाफ डक्टमध्ये चढते, थंड पत्र्याला लागते आणि पाणी होऊन परत येते. हे थंडीत जास्त दिसतं. नाशिककडच्या हिवाळ्यात डक्ट उघड्या ड्राय बाल्कनीतून गेलेला असेल तर हमखास. चिमणी फारच कमी वेगावर चालवल्यानेही वाफ बाहेर न जाता आतच रेंगाळते. स्वयंपाक सुरू करण्याआधी पाच मिनिटं चिमणी लावा, झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या, उकळत्या भांड्यावर झाकण ठेवा. एवढ्याने थांबलं तर पुढचं काही करायची गरज नाही. नाही थांबलं तर डक्टच्या उतारात खोट आहे. ते सहाव्या तपासणीत.

४. बाहेरची टोपी, खालूनच बघा

डक्टचं बाहेरचं तोंड झाकणारी जाळीदार किंवा पट्ट्यांची टोपी (काऊल म्हणतात तिला) बघायची आहे. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून नव्हे. खाली आवारात उतरा, मोबाइलचा कॅमेरा झूम करा, फोटो काढा. किंवा समोरच्या विंगमधल्या शेजाऱ्यांना काढून पाठवायला सांगा.

फोटोत काय बघायचं? टोपी आहे का; प्लॅस्टिकची टोपी दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते आणि वाऱ्याने उडते. पट्ट्या खाली तोंड करून आहेत का. टोपी उलटी बसली असेल तर त्याच पट्ट्या पाणी आत घेतात. आणि काड्या-गवत दिसतंय का. साळुंक्या आणि चिमण्या या भोकावर टपलेल्या असतात. घरट्यातलं ओलं गवत पाणी धरून ठेवतं, आणि हवा कोंडल्याने चिमणीचं ओढणंही कमी होतं. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर काही आठवडे थांबा, तोवर चिमणी बंद ठेवा; पिल्लं उडाली की घरटं काढून जाळीची टोपी लावा.

इथेच दिशेचाही विचार करा. मुंबईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. तरी पुण्यातल्या चिमण्याही गळतात. कारण किती पाऊस पडतो यापेक्षा झड कुठून येते हे जास्त महत्त्वाचं. मोसमी वारा नैऋत्येचा, त्यामुळे ज्यांच्या डक्टचं तोंड पश्चिमेला किंवा दक्षिणेला आहे त्यांना जून ते सप्टेंबर त्रास. पूर्वेला तोंड असलेल्या घरी पावसाळा कोरडा जातो आणि मेमधला वळीव किंवा ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस ओटा भिजवून जातो. चिठ्ठीवर वाऱ्याची दिशा लिहायला सांगितली ती यासाठी.

पश्चिमेकडच्या तोंडाला साधी टोपी पुरत नाही. त्यावर मला सर्वांत जास्त भरवशाचा वाटलेला उपाय स्वस्त आहे: पाइपाच्या बाहेरच्या टोकाला खाली तोंड केलेला एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा. आडवी झड खाली तोंड केलेल्या पाइपात शिरत नाही. एका वळणाने चिमणीचा जोर थोडा कमी होतो, ते मान्य. पण मोटरमध्ये पाणी जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं. तळमजल्यावर किंवा स्वतःच्या बाल्कनीत हात पोहोचत असेल तर हा एल्बो कुणीही बसवू शकेल. हात पोहोचत नसेल तर शेवटचा भाग वाचा.

५. झडप

चिमणीच्या वरच्या गोल तोंडात दोन अर्धवर्तुळाकार प्लॅस्टिकच्या पाकळ्या असतात. पंखा चालला की उघडतात, थांबला की मिटतात. वरचं आवरण सरकवून टॉर्चने बघा. तेलाने चिकटून उघड्याच राहिल्या असतील तर साबणाच्या फडक्याने पुसा. मोडल्या असतील तर नवी झडप बसवा. पण झडप वारा अडवते, पाणी नाही. तिच्यावर पाणी साठलं तर फटीतून खाली येणारच. झडप बदलून गळती थांबेल असं कुणी सांगत असेल तर त्यांना विचारा, पाणी झडपेपर्यंत आलंच कसं?

६. डक्टचा उतार

सगळ्यात जास्त गळत्या मला इथे सापडतात, म्हणून इथे वेळ काढा.

वरचं स्टीलचं आवरण काढा. दोन-चार स्क्रू असतात, खाली एकाला धरायला उभं करा. आता डक्ट उघडा दिसेल. चिमणीपासून तो आधी वर चढतो, मग आडवा होऊन भिंतीकडे जातो. हा आडवा भाग बाहेरच्या बाजूला उतरता हवा: मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर. कारण सरळ आहे. एखाद्या वादळात टोपीतून थोडं पाणी आत येणारच. उतार बाहेर असेल तर ते आल्या वाटेने परत जातं, उतार आत असेल तर थेट तुमच्या चिमणीत येतं. म्हणजे टोपी चुकली तरी उतार सांभाळून घेतो. उतार चुकला तर टोपी कितीही चांगली असो, एक ना एक दिवस ओटा भिजणार.

तरी उतार आतल्या बाजूला का असतो? कारण भिंतीतलं भोक आधीच पाडलेलं असतं, बिल्डरने किंवा जुन्या एक्झॉस्ट फॅनसाठी, आणि ते वर असतं. चिमणी खाली. मग पाइप चढतच जातो. अशा वेळी पाइप आतल्या बाजूला भोकापेक्षा किंचित वर नेऊन मग बाहेर उतरवायचा. छताला जागा असेल तर हे जमतं. जागाच नसेल तर बाहेरच्या एल्बोला पर्याय नाही.

दुसरी खोड लवचिक ॲल्युमिनियमच्या डक्टची. लांबी जास्त झाली की बसवणारे ती कापत नाहीत, तशीच दाबून कोंबतात. डक्टला मधे पोट पडतं. त्या पोटात पावसाचं पाणी, वाफेचं पाणी आणि तेल साठत राहतं. एके दिवशी वजनाने सांधा सुटतो आणि सगळं एकदम खाली येतं. "अचानक पेलाभर काळं पाणी पडलं" म्हणतात ते हेच. शिवाय साठलेलं तेल शेगडीच्या वर लटकत असतं, आणि मोठ्या आचेवर कढईतलं तेल भडकलं तर ज्योत तिथवर पोहोचू शकते. पोट दिसलं तर डक्ट सोडवा, बादलीत रिकामा करा, जादा लांबी कापा, ताणून बसवा आणि आडव्या भागाला पट्टीचे क्लॅम्प मारा. डक्ट तेलाने बरबटला असेल तर धुवत बसू नका, नवा घ्या. आतल्या सुरकुत्यांत अडकलेलं तेल निघत नाही आणि घासताना पातळ पत्रा फाटतो.

उभ्या भागातल्या सांध्यांना एक नियम आहे: वरचा पाइप खालच्या पाइपाच्या आत शिरलेला हवा. मग आतलं तेल-पाणी पाइपातच राहतं, सांध्यातून बाहेर येत नाही. सांध्याला जुबली क्लिप (स्क्रूने आवळायचा धातूचा पट्टा) आणि त्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. कापडी किंवा खोक्यांची चिकटपट्टी उष्णतेने आणि तेलाने महिन्याभरात सुटते. पट्टी लावण्याआधी पाइप साबणाने पुसून कोरडा करा, ओशट पत्र्यावर काहीच टिकत नाही.

७. भिंतीतलं भोक

चिमणी कोरडी आणि भिंत ओली, किंवा उतार ठीक असूनही पाणी येतंय, तर इथे बघायचं. बाहेरून फोटो घ्या. पाइप भिंतीला लागून सपाट कापलेला असेल तर अर्धं उत्तर मिळालं. भिंतीवरून ओघळणारं पाणी तसंच पाइपाच्या कडेवरून आत वळतं. पाइप भिंतीबाहेर किमान चार-सहा इंच यायला हवा, म्हणजे पाणी टोकावरून खाली गळतं. भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं.

आता पाण्याची चाचणी. ही फक्त बाहेरची बाजू जमिनीवरून किंवा स्वतःच्या बाल्कनीतून हाताशी असेल तरच करा. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा, बाहेर एक जण नळी घेऊन. सुरुवात खालून: आधी पाइपाच्या खालच्या भिंतीवर दहा मिनिटं हलकं पाणी. आत काही नाही, तर पाइपाभोवती दहा मिनिटं. मग पाइपाच्या वरच्या भिंतीवर. सगळ्यात शेवटी टोपीवर. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत सगळ्याच जागा भिजवतं आणि कुठून आलं ते कधीच कळत नाही. नळी जोरात सोडू नका. पाऊस पडतो तसं पडू द्या. ज्या टप्प्याला आत ओल दिसेल ती जागा खडूने खूण करून ठेवा.

फट बाहेरूनच बुजवायची. आतून बुजवली तर पाणी भिंतीत शिरतच राहतं, फक्त दिसायचं बंद होतं, आणि पुढच्या वर्षी प्लॅस्टर फुगतं. मोठी फट सिमेंटच्या मसाल्याने भरा, वाळू द्या, मग कडेने न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन. ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सिलिकॉन धातूला गंज आणतं आणि सिमेंटला नीट धरत नाही. पीयू फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस) मारून अनेक जण मोकळे होतात. फोम फट भरतो, पण उन्हाने भुगा होतो, त्याच्यावर बाहेरून लेप हवाच. आणि ओल्या भिंतीवर यातलं काहीही टिकत नाही. पावसाची उघडीप मिळून भिंत एक-दोन दिवस वाळली की करा. तोवर एल्बो लावा, किंवा पाइपाच्या वर छोटा पत्र्याचा छज्जा. तोंड प्लॅस्टिकने बांधून चिमणी चालवू नका, मोटर तापून जळू शकते.

डक्ट खिडकीतून काढला असेल तर काचेच्या जागी लावलेला प्लायवूड बघा. फुगला असेल तर ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा लावून घ्या. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हाळीत पाणी बाहेर जायला भोकं असतात; ती मातीने बुजली की पन्हाळ भरते आणि पाणी आत येतं, बोल मात्र चिमणीला लागतो. जुन्या टूथब्रशने भोकं मोकळी करा.

८. स्लॅब, पत्रा किंवा कौलांतून वर गेलेला पाइप

बंगले, रो-हाउस आणि गावाकडच्या घरांत डक्ट सरळ वर काढलेला असतो. स्लॅबमधून गेलेल्या पाइपाभोवती गच्चीवर मसाल्याचा गोलसर वाटा (कोपरा भरणारा उतार) हवा, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही. पाइप गच्चीपासून फूटभर तरी वर हवा, डोक्यावर टोपी. संशय असेल तर पाइपाभोवती मातीचं आळं करून त्यात पाणी भरा, खाण्याचा रंग टाका आणि एक दिवस वाट बघा. खाली रंगीत ओल आली तर पाइपाभोवतीचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. नाही आली आणि पावसात मात्र येते, तर दोष टोपीचा किंवा वरच्या सांध्याचा.

पत्र्यात किंवा कौलांत पाइप असेल तर त्याच्याभोवती बसवलेली पत्र्याची चौकट वरच्या बाजूला छपराच्या खाली आणि खालच्या बाजूला छपराच्या वर यायला हवी. कौलं एकमेकांवर चढतात तोच हा क्रम. चौकट चारही बाजूंनी नुसती वर ठेवून डांबर फासलं असेल तर वरून येणारं पाणी तिच्याखाली जाणारच. पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर हवेत, पन्हाळीत नकोत. छपराचं काम कोरड्या दिवसांत, एप्रिल-मेमध्येच उरकून घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चिमणीला हात लागल्यावर मुंग्या आल्या, एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतो, जळका वास येतो, दिव्याच्या काचेत पाणी दिसतं: वीज बंद ठेवा, चिमणी वापरू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बोलवा. वाळवून चालवून बघायचं नाही.

टोपी किंवा भोक पहिल्या मजल्यापासून वर आणि हात पोहोचत नाही: खिडकीच्या ग्रिलवर चढून, शिडी छज्जावर टेकवून हे काम करायचं नसतं. सेफ्टी बेल्ट आणि दोर घेऊन काम करणारे लोक असतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा, एकाच लाइनीतल्या चार-पाच घरांचं एकदम केलं तर खर्च वाटला जातो.

छपरावर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांच्यावर पाय ठेवू नका. वरून भक्कम दिसतात, पण वजनाने एकदम तुटतात आणि माणूस खाली कोसळतो. अशा बऱ्याच पत्र्यांत, नव्यांतही, ॲस्बेस्टॉस असतं. त्यांना भोक पाडणं, कापणं, घासणंही करू नका, ती धूळ फुप्फुसांत जाते.

इमारतीत सगळ्या मजल्यांचा एकच सामाईक डक्ट असेल आणि तेल वरून येत असेल, तर तुमच्या बाजूने काहीही बंद करू नका. तो डक्ट साफ करणं सोसायटीचं काम आहे, लेखी अर्ज द्या. आणि गॅस गिझरचा धूर चिमणीच्या डक्टमध्ये जोडलेला दिसला, तर गिझर त्या क्षणी बंद करा. कार्बन मोनॉक्साइड स्वयंपाकघरात उलटा येऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास.

स्लॅबच्या खालच्या बाजूला प्लॅस्टर फुगलं, गंजाचे तांबूस डाग आले किंवा सळी उघडी पडली, तर हा चिमणीचा विषय राहिला नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

ज्यांना बोलवाल त्यांना चिठ्ठी आणि फोटो दाखवा, आणि कामाआधी तीन गोष्टी विचारा: पाणी नेमकं कुठून येतंय, आडव्या डक्टचा उतार कुठे आहे, आणि काम झाल्यावर पाणी मारून दाखवाल का. तिसऱ्याला नकार आला तर दुसरा माणूस बघा.